घरचे जुने व्हिडिओ स्ट्रीमिंग बॉक्सवर चालवायचे आहेत : कोणत्या फाइलीला काय करावं?

पडवी (धागाकर्ती)

घरच्या व्हिडिओंचा सगळा साठा एका हार्ड डिस्कवर आणून ठेवला आहे. आता तो टीव्हीला जोडलेल्या स्ट्रीमिंग बॉक्सवर पाहायचा आहे. फाइली अशा आहेत: मिनी-डीव्ही कॅसेटवरून फायरवायरने उतरवलेल्या एव्हीआय (तासाला साधारण १३ जीबी), कॅमकॉर्डरच्या एमटीएस, डीव्हीडी रेकॉर्डरवर बनवलेल्या डिस्कच्या व्हीओबी, जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या छोट्या एव्हीआय, सुरुवातीच्या फोनमधल्या थ्रीजीपी आणि अलीकडच्या फोनमधल्या एमओव्ही.

बॉक्सवर काय होतं तेही सांगते. डीव्हीच्या एव्हीआय यादीत दिसतात, पण उघडत नाहीत. एमटीएसचं चित्र येतं, आवाज येत नाही. व्हीओबीमध्ये कुणी हललं की कडेला आडव्या रेघा दिसतात. फोनमधले काही व्हिडिओ आडवे पडतात, काहींचे रंग फिके दिसतात.

सगळं एकाच प्रकारात आणावं का? सेटिंग काय ठेवावी? आणि कन्व्हर्ट झाल्यावर मूळ फाइली काढून टाकल्या तर चालेल का?

सूत्रधार

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: मूळ फाइली काढू नका. बॉक्ससाठी बनवाल ती पाहण्याची प्रत. दहा वर्षांनी बॉक्स बदलेल, तेव्हा नवी प्रत मूळ फाइलीवरूनच काढावी लागेल. प्रतीवरून प्रत काढली की प्रत्येक वेळी चित्र थोडं घसरतं.

दुसरं, सगळ्या फाइली सरसकट हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं मोफत सॉफ्टवेअर) ढकलू नका. फाइल म्हणजे डबा, आत चित्र आणि आवाज हे दोन वेगळे जिन्नस. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही ही डब्यांची नावं आहेत. चित्राचा कोडेक, म्हणजे ते दाबून लिहिण्याची पद्धत, एच.२६४, एमपेग-२, डीव्ही यांपैकी काहीही असू शकतो. बॉक्सला यातलं नेमकं काय चालत नाही ते आधी शोधा आणि तेवढंच बदला. डबाच अडत असेल तर डबा बदलायला एका फाइलीला मिनिटभरही पुरतं आणि चित्राच्या एका ठिपक्यालाही धक्का लागत नाही.

शोधायला मीडियाइन्फो वापरा. मोफत आहे. फाइल उघडून टेक्स्ट व्ह्यू निवडा आणि या ओळी वाचा: फॉरमॅट, फॉरमॅट प्रोफाइल (त्यात लेव्हल, म्हणजे आकार-वेगाची कमाल मर्यादा, असते), स्कॅन टाइप, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाचे किती नमुने ठेवले ते, उदा. ४:२:०), बिट डेप्थ, फ्रेम रेट मोड, रोटेशन. आवाजाच्या भागात फॉरमॅट, चॅनेल आणि सॅम्पलिंग रेट.

लॅपटॉपवर व्हीएलसीत चालणारी फाइल बॉक्सवर का अडते? लॅपटॉपचा प्रोसेसर कोणताही कोडेक सॉफ्टवेअरने उलगडू शकतो. बॉक्समध्ये ते काम चिपमधल्या ठरावीक सर्किटकडे असतं आणि ते मोजकेच प्रकार ओळखतं. त्यापलीकडचं काही आलं की काळा पडदा, किंवा नुसता आवाज.

जवळपास कुठल्याही बॉक्सवर चालेल असा प्रकार लिहून ठेवा: एमपी४ डबा, एच.२६४ हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१ पर्यंत, ८ बिट, ४:२:०, प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम पूर्ण), चौरस पिक्सेल. आवाज एएसी-एलसी स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ, १६० केबीपीएस. पहिल्या पिढीचं क्रोमकास्ट २०१३ सालचं, तेही एवढं पेलतं.

तुमच्या यादीत डीव्ही, जुन्या कॅमेऱ्याच्या एव्हीआय आणि थ्रीजीपी पूर्ण नव्याने एन्कोड कराव्या (म्हणजे दुसऱ्या कोडेकमध्ये लिहाव्या) लागतील. एमटीएसना बहुधा फक्त आवाज बदलून भागेल. व्हीओबी आणि एमओव्हीचं मीडियाइन्फो पाहून ठरवू.

कातरवेळ

डीव्हीबद्दल सविस्तर लिहिते, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होतं.

पाल पद्धतीच्या डीव्हीमध्ये चित्र ७२० बाय ५७६ असतं, सेकंदाला २५ फ्रेम. पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांची अर्धी-अर्धी चित्रं विणलेली असतात: सम ओळी एका क्षणाच्या, विषम ओळी १/५० सेकंदानंतरच्या. हेच इंटरलेसिंग. स्थिर चित्रात काही कळत नाही, हालचाल झाली की दोन क्षण एकमेकांत अडकून आडव्या रेघा दिसतात. तुमच्या व्हीओबीमध्ये दिसतंय ते हेच.

रेघा घालवायचे दोन मार्ग आहेत. एक, दोन अर्ध्यांची मिळून एक फ्रेम करायची, म्हणजे २५ फ्रेम. दुसरा, प्रत्येक अर्ध्याची पूर्ण फ्रेम करायची, म्हणजे ५० फ्रेम. पहिल्यात हालचालीचा निम्मा तपशील कायमचा जातो. धावणारं मूल, झोपाळा, कॅमेरा फिरवलेला शॉट, सगळं अडखळत दिसतं. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हेच व्हिडिओ सुळसुळीत दिसायचे, कारण तिथे सेकंदाला ५० क्षण दिसत होते. म्हणून घरच्या व्हिडिओसाठी ५० फ्रेमच घ्या.

हँडब्रेकमध्ये फिल्टर्सच्या टॅबवर डिइंटरलेसला यादिफ किंवा ब्वदिफ निवडा आणि त्याच्या प्रीसेटमध्ये 'बॉब' (हाच ५० फ्रेमचा मार्ग). मग व्हिडिओच्या टॅबवर फ्रेमरेट 'सेम अ‍ॅज सोर्स' आणि 'कॉन्स्टंट'. हे विसरू नका. '१०८०पी३०' नावाचे तयार प्रीसेट कमाल ३० फ्रेमची मर्यादा घालतात, मग बॉबने बनवलेल्या ५० फ्रेममधल्या बऱ्याच फेकल्या जातात आणि चित्र आधीपेक्षा जास्त अडखळतं. एफएफएमपेगमध्ये (आज्ञा टाइप करून चालवायचं मोफत कन्व्हर्टर) एक फरक ध्यानात ठेवा: यादिफ काही न सांगता चालवलं तर २५ फ्रेम देतं, ब्वदिफ काही न सांगता ५० देतं.

फील्डचा (म्हणजे त्या अर्ध्या चित्रांचा) क्रमही महत्त्वाचा. डीव्हीत खालची फील्ड आधी असते, एव्हीसीएचडीमध्ये (तुमच्या एमटीएसचा प्रकार) आणि बहुतेक डीव्हीडींत वरची. क्रम चुकला की हलणारी वस्तू एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे अशी थरथरते. तपासायला कुणीतरी चालत जातानाचा तुकडा घ्या आणि बॉब केलेली फाइल एकेक फ्रेम पुढे ढकलून बघा. माणूस सलग पुढे सरकला तर क्रम बरोबर. मागे-पुढे झाला तर फिल्टरला क्रम हाताने सांगा.

आता पिक्सेल. डीव्हीचे पिक्सेल चौरस नसतात. ७२० बाय ५७६ मधलं ४:३ चित्र खरं तर ७६८ बाय ५७६ एवढं पसरून दाखवायचं असतं आणि १६:९ चित्र १०२४ बाय ५७६ एवढं. ही माहिती फाइलीत खूण म्हणून असते, काही बॉक्स ती वाचतच नाहीत. मग १६:९ मधली सगळी माणसं उंच आणि किडकिडीत दिसतात. हँडब्रेकच्या डायमेन्शन्समध्ये अ‍ॅनामॉर्फिक 'नन' करा म्हणजे तो खरोखरच चौरस पिक्सेलमध्ये चित्र लिहील.

आणि कृपा करून ५७६ ओळींचं १०८० करू नका. नसलेला तपशील त्यातून येत नाही, फाइल फुगते. मोठं करायचं काम बॉक्स किंवा टीव्ही करतोच.

गुणवत्तेला सरासरी बिटरेटऐवजी आरएफ (गुणवत्ता ठरवणारा आकडा) वापरा. आकडा लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. हँडब्रेकवाले ५७६ ओळींसाठी १८ ते २२ सुचवतात, १०८० साठी २० ते २४. डीव्हीला मी १८ म्हणेन, एन्कोडर प्रीसेट 'स्लो'. सरासरी ४ एमबीपीएस आलं तर तासाला १.८ जीबी होतात, म्हणजे मूळच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. अंधुक खोलीत घेतलेलं असेल तर चित्रातल्या दाण्यामुळे (ग्रेन) याहून बरंच जास्त येईल. ते येऊ द्या.

नादवेध

आवाजाचं मी सांगतो.

एमटीएसमध्ये आवाज बहुधा एसी-३ (डॉल्बी डिजिटल) असतो, काही कॅमेऱ्यांत एलपीसीएम (न दाबलेला आवाज). बरेच बॉक्स एसी-३ स्वतः उलगडत नाहीत, एचडीएमआयवरून तसाच पुढे ढकलतात. पुढे अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो वाजवतो, नुसता टीव्ही असेल आणि त्याला एसी-३ कळत नसेल तर शांतता. आवाज एएसी केला की प्रश्न संपतो. ५.१ चॅनेल असतील तर पहिला ट्रॅक एएसी स्टिरिओ ठेवा आणि दुसरा मूळ एसी-३ जसाच्या तसा. बॉक्स सहसा पहिलाच ट्रॅक उचलतो.

डीव्हीत दोन प्रकार भेटतील: १६ बिट ४८ किलोहर्ट्झ आणि १२ बिट ३२ किलोहर्ट्झ. दुसऱ्यात दोन स्टिरिओ जोड्यांची सोय असते, आणि दुसरी जोडी कॅमेऱ्यात नंतर आवाज भरण्यासाठी राखलेली, म्हणजे बहुधा रिकामी. त्यामुळे यादीत दोन ट्रॅक दिसले तर आधी दोन्ही ऐका आणि भरलेला निवडा. सॅम्पलिंग रेट ४८ वर आणा.

थ्रीजीपीतला आवाज एएमआर, ८ किलोहर्ट्झ मोनो. जुन्या कॅमेऱ्याच्या एव्हीआयमध्ये बहुधा ८ किंवा ११ किलोहर्ट्झचा पीसीएम. इतक्या कमी रेटवर काही बॉक्स अडखळतात, म्हणून हेही ४८ वर. आवाज सुधारणार नाही, पण वाजेल. मोनोला ६४ ते ९६ केबीपीएस भरपूर झाले.

बाहेरचा माइक लावून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये कधी कधी आवाज फक्त डाव्या बाजूला असतो. हँडब्रेकच्या मिक्सडाउनमध्ये 'मोनो, लेफ्ट ओन्ली' आहे, ते निवडलं की दोन्ही स्पीकरमधून येतो.

एक व्हिडिओ कुजबुजतो, पुढचा ओरडतो, असं असेल तर एफएफएमपेगचा लाउडनॉर्म फिल्टर लावा, लक्ष्य उणे १६ ते उणे २० एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं माप). हा फिल्टर आतल्या आत आवाज १९२ किलोहर्ट्झवर नेतो, म्हणून पुढे सॅम्पलिंग रेट ४८००० स्पष्ट लिहायचा. नाहीतर भलताच रेट घेऊन फाइल बाहेर पडते आणि बॉक्स ती नाकारतो.

पडवी

खूप उपयोगी माहिती मिळाली, धन्यवाद. एमटीएसचं मीडियाइन्फो असं: एव्हीसी (म्हणजे एच.२६४), हाय@एल४.०, १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, इंटरलेस्ड, १७ एमबीपीएस, आवाज एसी-३ दोन चॅनेल. एकाच कार्यक्रमाच्या तीन-चार फाइली आहेत, प्रत्येकी साधारण २ जीबी. व्हीओबी एमपेग-२, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड. आवाज एसी-३, पण तो मात्र वाजतो.

एमटीएसचं चित्रही इंटरलेस्ड आहे, म्हणजे तेही ५० फ्रेमला न्यावं लागेल?

सूत्रधार

आधी न नेता बघा. एमटीएसचं चित्र कॉपी करा, फक्त आवाज एएसी करा, डबा एमपी४. बऱ्याच बॉक्सची चिप १०८० ओळींचं इंटरलेस्ड एच.२६४ स्वतःच नीट सोडवते, आणि तुमच्याकडे एमटीएसबद्दल रेघांची तक्रार नाही, म्हणजे तुमची सोडवतेय असं दिसतं. मग नव्याने एन्कोड करण्यात काहीच हशील नाही.

एफएफएमपेगची रचना अशी (इथे उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना रोमन अक्षरं): इनपुट फाइल, 'सी:व्ही कॉपी', 'सी:ए एएसी', 'बी:ए १६०के', 'मूव्हफ्लॅग्ज +फास्टस्टार्ट', आउटपुटचं नाव. प्रत्येक पर्यायाच्या आधी एक आडवी रेघ. फास्टस्टार्ट का? एमपी४ची अनुक्रमणिका एरवी फाइलीच्या शेवटी लिहिली जाते. नेटवर्कवरून चालवताना काही प्लेअर ती मिळेपर्यंत सुरूच होत नाहीत. या पर्यायाने ती सुरुवातीला येते. हँडब्रेकमध्ये यालाच 'वेब ऑप्टिमाइज्ड' म्हणतात.

२ जीबीच्या फाइली म्हणजे एकच सलग रेकॉर्डिंग, कॅमेऱ्याने तोडलेलं. त्या वेगवेगळ्या कन्व्हर्ट करून मग जोडल्या तर सांध्यावर आवाजात खड्डा पडतो. आधी जोडा, मग बदला. एमटीएस हा ट्रान्सपोर्ट स्ट्रीम असल्यामुळे असे तुकडे एकामागे एक नुसते चिकटवले तरी चालतात: विंडोजवर 'कॉपी' आज्ञेला '/बी' लावून फाइलींच्या नावांमध्ये अधिकचं चिन्ह, मॅक किंवा लिनक्सवर 'कॅट'. क्रम फाइलीच्या क्रमांकाप्रमाणे. मात्र कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केलेल्या वेगळ्या क्लिप अशा चिकटवू नका, तिथे वेळेचे शिक्के तुटतात.

मूळ जपताना नुसत्या एमटीएस उचलू नका. एव्हीसीएचडीचा अख्खा फोल्डर ठेवा. कोणत्या फाइली मिळून एक रेकॉर्डिंग होतं ते त्यातल्या प्लेलिस्टमध्ये असतं.

व्हीओबीसाठी सुटी फाइल न उघडता हँडब्रेकला अख्खा 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर द्या. सुट्या व्हीओबी १ जीबीला तोडलेल्या असतात आणि ज्या फाइलीच्या शेवटी ० आहे तिच्यात फक्त मेनू असतो. नव्याने एन्कोड न करता नुसतं एका फाइलीत आणायचं असेल तर मेकएमकेव्ही शीर्षकागणिक एमकेव्ही काढून देतं. तुमच्याकडे मात्र रेघा दिसताहेत, म्हणजे बॉक्स एमपेग-२चं इंटरलेसिंग सोडवत नाही. कातरवेळ यांनी डीव्हीसाठी दिलेलीच सेटिंग लावा, फील्डचा क्रम तेवढा तपासून.

कातरवेळ

एमटीएसबद्दल एक पुरवणी. काही कॅमेऱ्यांत मोड बदलला की १४४० बाय १०८० लिहिलं जातं, तेही आडवं ताणून दाखवायचं असतं. ती फाइल टीव्हीवर पूर्ण पडदा भरत नसेल तर कारण हे.

आणि पुढे कधी नव्याने एन्कोड करायची वेळ आलीच तर १०८०पी५० साठी लेव्हल ४.२ लागते. ४.१ ची धाव १०८० ला ३० फ्रेमपर्यंतच. जुना बॉक्स ४.२ नाकारत असेल तर १०८०पी२५ करण्यापेक्षा ७२०पी५० करा, ते ३.२ मध्ये बसतं. हलत्या चित्रात डोळ्याला ते जास्त सुखाचं वाटतं.

टिंबटिंब

सगळे एच.२६४ सांगताहेत, पण एच.२६५ का नको? तेवढ्याच गुणवत्तेला जागा बरीच कमी लागते. आता विकले जाणारे ४के बॉक्स ते आरामात चालवतात. ग्राफिक्स कार्डच्या एन्कोडरने केलं तर वेळही लागत नाही.

सूत्रधार

४के आणि १०८० ला तुमचा मुद्दा मान्य. ५७६ ओळींच्या दाणेदार चित्रात मात्र बचत फार नसते, कारण बिट दाणा लिहिण्यातच खर्च होतात. जागा वाचवायला एच.२६५ दाणा पुसून टाकतो आणि चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. पाहुण्यांकडच्या जुन्या टीव्हीत पेनड्राइव्ह लावला तर एच.२६४ चालण्याची शक्यता कितीतरी जास्त. जागा मूळ फाइली खातात, प्रती नाही. १३ जीबीशेजारी दीड आणि दोनचा वाद करण्यात अर्थ नाही.

ग्राफिक्स कार्डचे एन्कोडर वेगवान आहेत, पण तेवढीच गुणवत्ता हवी असेल तर साधारणपणे फाइल मोठी होते. एकदाच करायचं काम आहे, रात्रभर चालू द्या.

एच.२६५ करायचंच असेल आणि बॉक्स अ‍ॅपलचा असेल तर एफएफएमपेगला व्हिडिओचा टॅग 'एचव्हीसी१' द्या. तो स्वतःहून 'एचईव्ही१' लिहितो आणि अ‍ॅपलचा प्लेअर तो उघडत नाही. आधीच बनवलेली फाइल असेल तर चित्र कॉपी करून नुसता टॅग बदलला तरी पुरतं.

कातरवेळ

जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या एव्हीआयकडे कुणी वळलं नाही, तिथे दोन खड्डे आहेत.

त्या बहुधा मोशन-जेपेग असतात, ६४० बाय ४८०, प्रोग्रेसिव्ह. म्हणजे डिइंटरलेस लावायचं नाही. लावलं तर फुकट चित्र मऊ होतं.

पहिला खड्डा रंगाच्या नमुन्यांचा. मोशन-जेपेग अनेकदा ४:२:२ असतं. एफएफएमपेगला काही सांगितलं नाही तर एच.२६४ पण तो ४:२:२ मध्येच बनवतो. लॅपटॉपवर उत्तम चालतं, बॉक्सवर काळा पडदा. मग लोक बॉक्सला दोष देतात. आज्ञेत 'पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी' लिहिलंच पाहिजे. हँडब्रेकचा नेहमीचा एक्स२६४ एन्कोडर स्वतःच ८ बिट ४:२:० देतो. एनटीएससी पद्धतीच्या डीव्हीत ४:१:१ असतं, तिथेही हीच काळजी.

दुसरा खड्डा उजेडाच्या पातळ्यांचा. जेपेग ० ते २५५ अशी पूर्ण पट्टी वापरतं, टीव्हीचा व्हिडिओ १६ ते २३५. पातळ्या न बदलता तशाच लिहिल्या तर टीव्हीवर काळे केस म्हणजे नुसता काळा डाग आणि पांढरा सदरा म्हणजे नुसता पांढरा पट्टा, मधले सळ गायब. स्केल फिल्टरला 'इन_रेंज फुल, आउट_रेंज टीव्ही' सांगा, मग केसांमधल्या बटा परत दिसतात. तपासायलाही केस आणि पांढरे कपडे हीच जागा पाहा.

टिंबटिंब

फोनच्या एमओव्हीबद्दल माझ्याकडून. आडवे पडतात कारण फोन चित्र नेहमी सेन्सरच्या दिशेने लिहितो आणि '९० अंश फिरवून दाखवा' एवढी खूण ठेवतो. मीडियाइन्फोत रोटेशन म्हणून दिसते ती हीच. बॉक्स खूण वाचत नसेल तर नव्याने एन्कोड करण्यावाचून इलाज नाही, नुसती कॉपी केली तर खूण खूणच राहते. एफएफएमपेग एन्कोड करताना खूण वाचून चित्र खरोखर फिरवून लिहितो. उभा व्हिडिओ उभाच ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात त्या टीव्ही लावेल.

फिके रंग म्हणजे एचडीआर (उजेड-रंगांची जास्त मोठी पट्टी वापरणारा व्हिडिओ). आयफोन १२ पासून (२०२०) व्हिडिओ १० बिट, एचएलजी आणि त्यावर डॉल्बी व्हिजन (हे एचडीआरचे प्रकार) असा असू शकतो. टीव्ही आणि बॉक्स दोघांना एचडीआर कळत असेल तर हात लावू नका. नसेल तर टोन मॅपिंग (ती मोठी पट्टी साध्या टीव्हीच्या पट्टीत बसवणं) करूनच ८ बिट करा. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये कलरस्पेस बीटी.७०९ निवडा. टोन मॅपिंगशिवाय नुसतं ८ बिट केलं तर फिकेपणा कायमचा चिकटतो.

फोनचा फ्रेमरेटही स्थिर नसतो, अंधारात कमी होतो. मीडियाइन्फोत 'व्हेरिएबल' दिसेल. एन्कोड करत असाल तर ३० किंवा ६० कॉन्स्टंट करून टाका.

पडवी

डीव्हीच्या एका तुकड्यावर बॉब करून पाहिलं. फरक खरंच मोठा आहे, चालणं एकदम सरळ झालं. आता तीन प्रश्न.

एक, डीव्हीत रेकॉर्डिंगची तारीख-वेळ आहे असं ऐकलं, ती एमपी४मध्ये जाते का? दोन, प्रती पेनड्राइव्हवर ठेवाव्यात की नेटवर्कवर? तीन, काही कॅसेटी व्हीएचएसवरून डीव्हीवर घेतलेल्या आहेत. त्यांच्या तळाशी वेडीवाकडी पट्टी नाचते, आणि एका कॅसेटमध्ये आवाज हळूहळू मागे पडत जातो.

सूत्रधार

तारीख डीव्हीच्या प्रत्येक फ्रेमसोबत असते, पण एमपी४ होताना गळते. एव्हीसीएचडीतही ती चित्राच्या प्रवाहात दडलेली असते, एक्झिफटूलने वाचता येते. सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे फाइलीच्या नावातच तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. काही बॉक्सवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. तुमच्याकडे तसं होत असेल तर नाव रोमनमध्ये ठेवा आणि मराठी शीर्षक टायटल टॅगमध्ये. मूळ फाइलीत निर्मितीची वेळ टॅग म्हणून असेल (फोनच्या फाइलींत असते), तर 'मॅप_मेटाडेटा ०' तो पुढे नेतो. तारीख चित्रावर छापू नका. दाखवायचीच असेल तर त्याच नावाची एसआरटी (सबटायटलची) फाइल शेजारी ठेवा, हवी तेव्हा चालू-बंद करता येते.

पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर एका फाइलीची मर्यादा ४ जीबी. ८ एमबीपीएसला ती साधारण ७१ मिनिटांत भरते. बॉक्स एक्सफॅट वाचत असेल तर तेच घ्या. पण बॉक्सला यूएसबीच नसेल किंवा साठा मोठा असेल तर जेलीफिन किंवा प्लेक्स (घरच्या संगणकावरून बॉक्सला व्हिडिओ पुरवणारे सर्व्हर) बरं. लायब्ररी बनवताना जेलीफिनमध्ये 'होम व्हिडिओज अँड फोटोज' आणि प्लेक्समध्ये 'अदर व्हिडिओज' निवडा. 'मूव्हीज' निवडलंत तर तो तुमच्या फाइलींना नावावरून भलत्याच सिनेमांची पोस्टरं लावतो.

सर्व्हर असेल तर कन्व्हर्ट कशाला, असं कुणी विचारेल. सर्व्हर चालता चालता कन्व्हर्ट करतो खरा, पण घाईत करतो: डिइंटरलेस बहुधा साधं, गुणवत्ता नेटवर्कच्या हिशोबाने, आणि पुढे-मागे करताना प्रत्येक वेळी थांबा. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू व्हिडिओखाली 'डायरेक्ट' की 'ट्रान्सकोड' ते दिसतं आणि कारणही लिहिलेलं असतं. आधी नीट बनवलेली प्रत डायरेक्टच चालली पाहिजे. ट्रान्सकोड दिसलं तर ते कारण वाचून प्रत दुरुस्त करा.

कातरवेळ

तळाची पट्टी म्हणजे व्हीएचएसच्या फिरत्या डोक्यांची अदलाबदल होते ती जागा. जुना टीव्ही कडा झाकायचा, म्हणून दिसत नव्हती. खालून ८ ते १२ ओळी कापा, बाजूच्या काळ्या पट्ट्याही कापा. आकडे सम हवेत, ४:२:० मध्ये विषम रुंदी-उंची चालत नाही. हँडब्रेकचं स्वयंचलित क्रॉप अंधाऱ्या दृश्यांत फसू शकतं, म्हणून 'कस्टम'. आणि डिइंटरलेस कापण्याच्या, लहान-मोठं करण्याच्या आधी. इंटरलेस्ड चित्र आधी स्केल केलं तर दोन्ही फील्ड कायमच्या मिसळतात, मग काही करता येत नाही. हँडब्रेक हा क्रम स्वतःच पाळतो, एफएफएमपेगमध्ये फिल्टर लिहाल त्या क्रमाने चालतात.

व्हीएचएसच्या मुंग्यांसाठी हलका एचक्यूडीएन३डी (मुंग्या पुसणारा फिल्टर) पुरे. एनएलमीन्स जास्त चांगला, पण फार सावकाश. 'स्ट्राँग' कधीच नको, त्यात भिंतीबरोबर साडीचा पोतही पुसला जातो.

नादवेध

मागे पडणाऱ्या आवाजाचे दोन प्रकार वेगळे ओळखा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर तो नुसता सरकवायचा: एमकेव्हीटूलनिक्समध्ये ट्रॅकला मिलिसेकंदांत डिले देऊन बघा, एन्कोड न करता लगेच कळतं. सुरुवातीला जुळतो आणि शेवटी बिघडतो, असं असेल तर आवाजाची लांबीच वेगळी आहे. मीडियाइन्फोत दोन्हींची लांबी पाहा. चित्र ३६०० सेकंद, आवाज ३६०२ सेकंद असेल तर आवाजाचा वेग बदलणाऱ्या ए-टेम्पो फिल्टरला ३६०२ भागिले ३६००, म्हणजे १.०००५६ द्या. एवढ्या फरकाने आवाजाचा पोत बदललेला कानाला कळत नाही. आवाज हळूहळू न सरकता मध्येच एकदम उडी मारत असेल तर तिथे कॅप्चर करताना फ्रेम गळल्या आहेत. अशी कॅसेट पुन्हा उतरवणंच बरं.

पडवी

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. रांग लावण्याआधी आणखी काही बघायचं राहिलं आहे का?

सूत्रधार

प्रत्येक प्रकारची एकेक फाइल घ्या. तिच्यातला भरपूर हालचाल असलेला एक मिनिट एन्कोड करा (हँडब्रेकमध्ये 'रेंज' सेकंदांत देता येते) आणि तो बॉक्सवरच पाहा, लॅपटॉपवर नाही. पटला की ती सेटिंग प्रीसेट म्हणून साठवा, 'डीव्ही ४:३', 'डीव्ही १६:९', 'व्हीएचएस', 'कॅमेरा', 'फोन' अशी वेगळी नावं देऊन. मग त्या-त्या प्रकारच्या फाइली त्याच प्रीसेटने रांगेत टाका.

रांग संपल्यावर मूळ आणि प्रत यांची लांबी ताडून बघा. सेकंदापेक्षा जास्त फरक असेल तर एन्कोड मध्येच तुटलं आहे किंवा मूळ फाइलीतच खराब जागा आहे. प्रत्येक प्रतीचा शेवटचा मिनिट ओठ आणि आवाज जुळतात का ते बघत ऐका. सुरुवात सगळ्यांचीच जुळते, तिच्यावरून काही कळत नाही.

मूळ फाइलींची दुसरी डिस्क बनवाल तेव्हा दोन्हीकडच्या फाइलींचे शा-२५६ चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून एका टेक्स्ट फाइलीत ठेवा. पुढच्या वेळी डिस्क बदलताना एकही बाइट हलली नाही ना, ते त्या यादीवरून तपासता येतं.